आचार्य धर्मानंद कोसंबी : बुद्धवचन मराठीत आणणारे ज्ञानतपस्वी

आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात धम्मविषयक ग्रंथांचे जे कपाट आहे, त्यात बाबासाहेबांच्या ग्रंथांखालच्या फळीवर 'भगवान बुद्ध' या ग्रंथाची एक जीर्ण प्रत आहे. तिची बांधणी आजवर दोनदा करावी लागली. बुद्धपौर्णिमा जवळ आली, वक्तृत्व स्पर्धेची सूचना फलकावर लागली, की वसतिगृहातील विद्यार्थी ती मागावयास येतात, हवी ती पाने उतरवून घेतात आणि पुस्तक परत करतात. मुखपृष्ठावरील ग्रंथकाराचे नाव मात्र फारसे कोणी वाचीत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका विद्यार्थ्याने इतिहासाच्या तासाला आम्हांस विचारले होते की, भगवान बुद्ध तर मराठी बोलत नव्हते, मग त्यांचे बोलणे मराठीत आणले कोणी? तास संपत आला होता. आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो. परंतु त्या प्रश्नाचे ऋण आमच्या मनावर राहून गेले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते फेडण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या उत्तरातील सर्वांत मोठे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे होय. त्यांचे चरित्र म्हणजे एका अभ्यासकाच्या प्रवासाची कथा आहेच, पण प्राचीन ग्रंथ हस्तलिखितातून छापील पानावर, आणि परक्या लिपीतून आपल्या भाषेत कसा येतो, त्या श्रमांचे मोल कोणाच्या पदरात पडते, याचीही ती कथा आहे. आमच्या मते आपल्या समाजाने ती या दुसऱ्या अंगाने अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवी.

बुद्धवचन होते, पण कोठे होते?

आज त्रिशरण-पंचशील आपल्या लहान मुलांच्याही मुखी आहे. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची परिस्थिती सहजी ध्यानात येत नाही. ज्या भूमीत तथागतांनी पंचेचाळीस वर्षे उपदेश केला, त्या भूमीतून त्यांचे वचन शतकानुशतके नाहीसे झाले होते. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात तिपिटक सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत, सयामात तेथील लिपीत लिहिले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय पंडितांचे लक्ष या वाङ्मयाकडे वळले. मॅक्स म्युलर यांनी संपादिलेल्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या पन्नास खंडांच्या मालेत १८८१ साली धम्मपद व सुत्तनिपात यांची इंग्रजी भाषांतरे निघाली. त्याच वर्षी टी. डब्ल्यू. र्‍हिस डेव्हिड्स यांनी लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. सोसायटीने मूळ पाली ग्रंथ रोमन लिपीत छापण्यास आरंभ केला.

या पंडितांचे उपकार मानलेच पाहिजेत. तथापि परिणाम असा झाला की, बुद्धाच्या देशातील माणसाला बुद्ध वाचावयाचा असेल, तर त्याला इंग्रजी तरी आले पाहिजे किंवा त्याने समुद्र ओलांडून सिंहलद्वीपास तरी गेले पाहिजे. मराठी शेतकऱ्याच्या किंवा गिरणी कामगाराच्या वाट्याला यातले काहीच येण्यासारखे नव्हते.

साखवाळचा तरुण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. प्रकृती अशक्त, गावी शिक्षणाची सोय जेमतेम, अशा स्थितीत पद्धतशीर शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. पुढे ज्यांना जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी बोलावून घेतले, त्यांच्याजवळ कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घरच्या नारळीच्या बागा सांभाळीत आणि मिळतील ती मराठी पुस्तके वाचीत त्यांचे तारुण्य चालले होते. विवाह बालपणीच झाला होता.

१८९७ च्या सुमारास 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला. त्यानंतर गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती पडले. एडविन अर्नोल्ड यांच्या इंग्रजी काव्याच्या आधारे ते लिहिलेले होते. म्हणजे गोव्यातील या तरुणाला बुद्ध भेटला तो इंग्रजी काव्यातून मराठीत, असा फिरत फिरत आलेला. तेवढ्यानेही त्यांच्या मनाने असा ठाव घेतला की, या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, असा त्यांचा निश्चय झाला. मुळापर्यंत जाण्याची ही ओढच त्यांच्या सर्व आयुष्याची गुरुकिल्ली आहे.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची कन्या माणिक तान्ही होती. पत्नी बाळाबाई यांना पुढील सहा-सात वर्षे पतीवाचून काढावी लागली. विद्वानांच्या चरित्रांत अशा गोष्टी एका ओळीत उरकल्या जातात. परंतु धर्मानंदांनी जे ज्ञान मिळविले, त्याच्या किमतीचा एक मोठा वाटा बाळाबाईंनी चुकता केला, हे लिहिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

काशी ते सिंहलद्वीप

पाली शिकण्यापूर्वी संस्कृत यावयास हवे, या समजुतीने धर्मानंद प्रथम पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा आश्रय मिळाला. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन केले. हाल पुष्कळ सोसले.

येथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. काशीच्या अन्नछत्रांत विद्यार्थ्याला पान मिळे ते जातीवर. धर्मानंद निर्धन होते, परंतु ते दार त्यांच्यासाठी उघडे होते. आपल्या पूर्वजांसाठी अन्नछत्राचेही दार बंद होते आणि पाठशाळेचेही. बाबासाहेबांना तर मुंबईच्या हायस्कुलात इच्छा असूनही संस्कृत घेऊ दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. धर्मानंदांच्या कष्टांची थोरवी यामुळे उणी होत नाही. पण ज्ञानाच्या वाटेवर कोणाला कष्ट होते आणि कोणाला वाटच नव्हती, हा भेद विसरून चालणार नाही.

१९०२ मध्ये धर्मानंद बुद्धधर्माच्या शोधात नेपाळास गेले. तेथे जे पाहिले त्याने त्यांची घोर निराशा झाली. मग बुद्धगया, तेथून कलकत्ता, आणि कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्या चरणी बसून त्यांनी पालीचे अध्ययन आरंभिले आणि तेथेच श्रामणेर दीक्षा घेतली. भाषा नवी, लिपी नवी, अन्न न मानवणारे, प्रकृती तोळामासा. तरी सिंहली लिपी शिकून त्यांनी तिपिटकात प्रवेश मिळविला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तेथील भिक्षूंच्या सहवासात ध्यानाचा अभ्यास केला व ब्रह्मी लिपीतील ग्रंथही वाचले. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या देशांतील पोथ्या डोळ्यांखालून घालण्याची जी क्षमता त्यांना पुढे अमेरिकेत उपयोगी पडली, ती अशी विहारांच्या ओसरीवर कमावलेली होती.

पन्नास रुपये आणि दर वर्षी एक ग्रंथ

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यात परतले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात व त्यानंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. मान मिळाला, वेतनही मिळाले. परंतु त्यांचे मन महाराष्ट्रात होते. बंगालात पालीचे अध्ययन सुरू झाले होते. आपल्या भाषेच्या लोकांना मात्र बुद्धाची ओळखही नाही, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना.

याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांची गाठ पडली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाला एक ग्रंथ बडोदे संस्थानासाठी लिहावा, आणि दरमहा पन्नास रुपये घ्यावेत, अशी योजना महाराजांनी पुढे केली. कलकत्त्यास राहिले असते, तर याच्या कितीतरी पट प्राप्ती झाली असती. धर्मानंदांनी पन्नास रुपये पत्करले. बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. पाली ग्रंथांचा प्रत्यक्ष आधार घेऊन मराठीत सिद्ध झालेले हे अगदी आरंभीचे पुस्तक होय. याच सयाजीरावांनी १९१३ साली एका महार तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तो तरुण म्हणजे आपले बाबासाहेब. राजाने विद्येवर खर्चिलेला पैसा कोठे आणि कसा उगवतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हार्वर्डमधील ग्रंथ

हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांचा धर्मानंदांशी परिचय झाला. त्यांच्या निमंत्रणावरून १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले. काम होते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात रचलेला हा ग्रंथ म्हणजे शील, समाधी व प्रज्ञा या क्रमाने थेरवादी बौद्ध मताचे सार सांगणारा महाग्रंथ आहे. त्याचे तेवीस परिच्छेद आहेत. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी विद्वानाने त्याचे संपादन हाती घेतले होते. बालपणी अपघाताने पाठीचा कणा दुखावल्यामुळे वॉरन यांना जन्मभर शारीरिक यातना सोसाव्या लागल्या, तरी पालीच्या अभ्यासात त्यांनी खंड पडू दिला नाही. त्यांचे मित्र व गुरू प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्यासह त्यांनी १८९१ साली 'हार्वर्ड ओरिएंटल सिरीज' ही ग्रंथमाला सुरू केली व स्वतःचे धन तिच्यासाठी वेचले. पाली वाङ्मयातील वेचे इंग्रजीत आणणारे त्यांचे पुस्तक या मालेत १८९६ मध्ये निघाले आणि फार गाजले. परंतु विसुद्धिमग्गाचे काम अपुरे ठेवून १८९९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच ते निवर्तले.

प्राचीन ग्रंथाचे संपादन म्हणजे काय, हे आमच्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगणे अवश्य आहे. मूळ लेखकाच्या हातची प्रत कोठेच नसते. असतात त्या शेकडो वर्षे नकलून आलेल्या पोथ्या. एका पोथीत एक शब्द, तर दुसरीत दुसरा. नकलणाऱ्याची एखादी ओळ सुटलेली असते, एखाद्याने समासातील टीप मूळ मजकुरात घुसडलेली असते. संपादकाने या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक शब्द ताडून पाहावयाचा, योग्य पाठ कोणता ते ठरवावयाचे, टाकलेले पाठ तळटीपेत नोंदवावयाचे, आणि ग्रंथकाराने अन्य ग्रंथांतून घेतलेली वचने मूळ ठिकाणी शोधून काढावयाची. हे काम केवळ बुद्धीने होत नाही. सारे तिपिटक ज्याच्या अंगात भिनलेले आहे, त्यालाच एखादे वाक्य वाचताच ते कोठले हे आठवते. धर्मानंदांपाशी नेमके हेच होते. हार्वर्डला त्यांची गरज पडली ती यामुळेच.

काम सुरू झाले, पुढेही गेले. आणि मग प्रश्न उभा राहिला तो नावाचा. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव असावे? लॅनमन यांची भूमिका अशी की, हा ग्रंथ वॉरन यांचे स्मारक आहे, तेव्हा त्यावर वॉरन यांचे व तो प्रसिद्ध करणारे म्हणून आपले नाव असावे. धर्मानंदांचे श्रम साहाय्यकाचे ठरत होते. दिवंगत मित्राशी लॅनमन यांची निष्ठा खरी होती, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु गेलेल्या मित्राला न्याय देताना समोर बसून काम करणाऱ्या माणसावर अन्याय होत आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही, किंवा आलेले त्यांनी मानले नाही. धर्मानंद परदेशात एकटे, पदवी नाही, मागे संस्था नाही. तरीही त्यांनी मान तुकविली नाही. जे काम आपण केले, त्यावर आपला हक्क नोंदला गेला पाहिजे, या आग्रहावर ते ठाम राहिले आणि १९१२ च्या आरंभी काम तसेच सोडून मायदेशी परतले.

हे भांडण मानपानाचे होते, असे कोणी म्हणेल. आमच्या समाजाला तसे म्हणता येणार नाही. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत आपण पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. ज्या वाड्यांच्या भिंती आपल्या पूर्वजांनी उचलल्या, त्यांच्या कोनशिलांवर त्यांचे नाव नाही. विद्येच्या क्षेत्रातही हे घडते, आणि तेथे ते अधिक सभ्य शब्दांत घडते, एवढाच फरक.

यानंतर धर्मानंद आणखी तीन वेळा अमेरिकेस गेले. १९१८ ते १९२२ या दुसऱ्या मुक्कामात माणिक व दामोदर ही मुले त्यांच्यासोबत होती. ग्रंथाचा प्रश्न तेव्हाही मिटला नाही. लॅनमन सेवानिवृत्त झाल्यावर, १९२६-२७ च्या तिसऱ्या मुक्कामात, धर्मानंदांनी विसुद्धिमग्गाचे संपादन पूर्णत्वास नेले. तरी ग्रंथ छापून बाहेर येण्यास आणखी दोन तपे जावयाची होती.

पुण्यातील शिष्यशाखा

१९१२ मध्ये परतल्यावर धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक झाले. मुंबई विद्यापीठाने पालीला अभ्यासक्रमात स्थान द्यावे म्हणून त्यांनी डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने खटपट केली होती. आता शिकवावयास गुरू आणि शिकावयास विद्यार्थी, दोन्ही लाभले. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत, चिं. वि. जोशी हे त्यांचे विद्यार्थी. राजवाड्यांनी दीघनिकायाचे मराठी भाषांतर केले. भागवतांनी मुंबई विद्यापीठासाठी पाली ग्रंथ देवनागरीत संपादिले. बापटांनी पुढे हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्ग व विमुत्तिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास करून नाव मिळविले. आणि चिमणरावाच्या गोष्टींनी मराठी माणसाला हसविणारे चिं. वि. जोशी हे मूळचे पालीचे अध्यापक, हे तर अनेकांना ठाऊकही नसते.

याच काळात धर्मानंदांनी इतिहासाच्या अभ्यासकांनाही एक मोलाची देणगी दिली. सम्राट अशोकाने भाब्रू येथील शिलालेखात भिक्षू-भिक्षुणी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी सात धर्मवचने नावानिशी सांगितली आहेत. तिपिटकातील कोणती सुत्ते म्हणजे ही वचने, याविषयी त्यांनी १९१२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. शिला आणि पोथी यांची अशी गाठ घालून देणे हे त्यांच्यासारख्या बहुश्रुतालाच शक्य होते.

रोमन लिपीतून मराठी घरात

विद्यापीठीय ग्रंथ थोडे छापले जातात, महाग असतात, आणि थोरामोठ्या ग्रंथालयांत जाऊन बसतात. त्यांची गरज असतेच, कारण पाया पक्का नसेल तर वरची भिंत टिकत नाही. पण नुसता पाया घालून घर होत नाही. धर्मानंदांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी दोन्ही कामे एकाच आयुष्यात केली. जे हात हार्वर्डमध्ये पाठभेद जुळवीत होते, त्यांनीच मराठी वाचकांसाठी 'बुद्धलीला सारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्ध संघाचा परिचय' अशी पुस्तके लिहिली, जातककथा सांगितल्या, सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले. १९२४ मध्ये 'निवेदन' हे आत्मचरित्रही लिहिले. काही काळ अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम करून गुजराती वाचकांसाठीही त्यांनी वाट पाडली.

त्यांची मराठी साधी आहे. पारिभाषिक शब्द आला की ते थांबतात, समजावून देतात. मुळात नसलेले ते पदरचे घालीत नाहीत. चमत्काराची कथा आली, तर ती जुन्या सुत्तात आहे की नंतरच्या अट्ठकथेत, हे पाहतात.

१९४०-४१ साली प्रसिद्ध झालेला 'भगवान बुद्ध' हा त्यांच्या अभ्यासाचा परिपाक. वृद्ध, रोगी, मृत व संन्यासी पाहून सिद्धार्थ एका रात्री निघून गेला, ही सर्वतोमुखी झालेली कथा त्यांनी तपासून पाहिली. शुद्धोदन हा चक्रवर्ती राजा नसून शाक्यांच्या गणराज्यातील शेती करणारा एक शाक्य होता, हे त्यांनी दाखविले. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी असे मांडले की, शाक्य आणि कोलीय यांच्यातील कलह व माणसांनी परस्परांवर उगारलेली शस्त्रे पाहून सिद्धार्थाच्या मनाने घेतलेला उद्वेग हे गृहत्यागाचे खरे कारण होय. बाबासाहेबांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या महाग्रंथातही चार दृश्यांची कथा बाजूस सारली असून रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला शाक्य-कोलीय संघर्ष आणि संघसभेत युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हेच परिव्रज्येचे कारण सांगितले आहे. बाबासाहेबांनी त्याला जे सामाजिक व राजकीय अधिष्ठान दिले, ते सर्वस्वी त्यांचे. तथापि परंपरागत कथा मूळ पाली आधारावर तपासावी, ही वाट मराठीत धर्मानंदांनी आधीच पाडून ठेवली होती.

मतभेदांची नोंद

धर्मानंद आपल्या चळवळीतील नव्हते. ते गांधीजींना मानणारे होते. १९२९ साली सोव्हिएत रशियातील लेनिनग्राडला जाऊन आलेले, समाजवादाची ओढ असलेले हे पंडित १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, शिरोड्याच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगात गेले. त्यांच्या राजकीय निष्ठा आपल्याला मान्य होणाऱ्या नाहीत. पण ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांचे ऋण नाकारावयाचे, ही शिकवण आपल्याला बाबासाहेबांनी दिलेली नाही.

आणि धर्मानंदांचे पाऊल अखेरीस कोठे वळले, हेही पाहिले पाहिजे. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभा राहिला आणि धर्मानंद तेथे राहावयास गेले. विहार जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून झाला होता. नाव मात्र बहुजनांचे होते. बुद्धाच्या शब्दातील बहुजन म्हणजे कोण, हे धर्मानंदांना ग्रंथांतून समजले होतेच, येथे ते चाळीतल्या माणसांत समजले. पुढे ते सारनाथला गेले.

शेवट, आणि शेवटानंतर

ज्या विसुद्धिमग्गासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, तो हार्वर्डकडून येण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यावर स्वतः पालीत 'दीपिका' ही टीकाही त्यांनी लिहिली. बुद्धघोषांचा ग्रंथ आता भारतीय विद्यार्थ्याला आपल्या लिपीत वाचता येऊ लागला.

शरीर व्याधींनी जर्जर झाले होते. इतरांवर भार होऊन जगण्यापेक्षा अन्न सोडून देह ठेवावा, असा निर्णय त्यांनी घेतला आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात त्यांचे निधन झाले. हा निर्णय बौद्ध दृष्टीने योग्य की अयोग्य, याची चर्चा होऊ शकते. आम्ही ती येथे करीत नाही.

१९५० साली हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा एकेचाळिसावा खंड म्हणून विसुद्धिमग्ग अखेर छापून निघाला. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे आणि ग्रंथ सुधारून सिद्ध करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे. १९१२ साली मागितलेला हक्क अडतीस वर्षांनी नोंदला गेला, तेव्हा मागणारा जगात नव्हता. लॅनमनही १९४१ मध्येच गेले होते. या मालेचा बेचाळिसावा खंड १९५७ मध्ये निघाला. 'सुभाषितरत्नकोश' हा तो ग्रंथ, आणि त्याचे संपादक होते वा. वि. गोखले व दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक असलेले हे डी. डी. कोसंबी म्हणजे वडिलांबरोबर बालपणी अमेरिकेस गेलेला तोच मुलगा. पित्यापुत्रांची नावे अशी एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी राहिली. पुढे नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे निवडक लेखन इंग्रजीत आणले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक बुद्धाला शरण गेले, तो दिवस पाहावयास धर्मानंद राहिले नव्हते. पण त्या लोकांच्या मुलांनी जेव्हा बुद्धाविषयी मराठीत वाचावयास घेतले, तेव्हा वाचावयास काही तरी होते. १९५६ ते १९६१ या काळात नालंदा येथून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली संपूर्ण तिपिटक देवनागरीत एकेचाळीस खंडांत निघाले. स्वतः बाबासाहेबांनीही पालीचा अभ्यास करून पाली शब्दकोश सिद्ध करण्याचे श्रम घेतले होते.

आता आमच्या त्या आठवीतल्या विद्यार्थ्याकडे वळतो. आज तो एका कारखान्यात तंत्रज्ञ आहे, मेळाव्यास येतो. त्याला आम्ही एवढेच सांगू की, बुद्धाचे बोलणे मराठीत आपोआप आले नाही. ते एका माणसाने तीन-चार लिप्या शिकून, समुद्र ओलांडून, कमी पैशात आणि पुष्कळ अपमान गिळून आणले, पण आपल्या कामावरचे नाव मात्र त्याने सोडले नाही.

पालकांना आमची एक विनंती आहे. एखादा विद्यार्थी पाली घेऊ इच्छितो, तेव्हा त्यात नोकरी मिळेल काय, हा पहिला प्रश्न घरातून येतो. तो रास्त आहे, कारण आपल्या घरांत भाकरीचा प्रश्न मिटलेला नाही. तरी प्रत्येक तुकडीतून एक-दोघांना तरी या वाटेने जाऊ द्यावे. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या पुस्तकांचा व शुल्काचा भार उचलावा. कारण अजूनही तिपिटकाच्या बहुतेक आवृत्त्या व भाषांतरे आपण दुसऱ्यांनी केलेली वाचतो. धम्म आपण स्वीकारला. त्याचे मूळ ग्रंथ वाचणारे, ताडून पाहणारे आणि मुखपृष्ठावर आपले नाव लिहिणारे संपादक आपल्या वस्त्यांतून निघाले, तर आचार्य कोसंबींचे ऋण फिटेल आणि बाबासाहेबांच्या शब्दकोशाचे पान पुढे उलटले जाईल.

ग्रंथालयातील ती जीर्ण प्रत पुन्हा बांधावयास द्यावयाची आहे. या वेळी पुठ्ठ्यावर ग्रंथकाराचे नाव ठळक अक्षरांत घालावे, अशी सूचना आम्ही ग्रंथपालांना केली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!